थरथर माझी आहे

११ फेब्रुवारी

आज पुन्हा फुगा फुटला.

न्हाणीघराचं दार लावून बसले होते. फुगा फुगवायचा, त्यावर साबणाचा फेस चढवायचा आणि वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. विशीत मी आणि माझा नवरा मासायोशी दोघंही दाढी करायला असेच शिकलो. माझे फुगे शाबूत राहायचे, त्याचे फुटायचे, आणि तरी सलूनवर पाटी लागली ती त्याच्या नावाची. आज निम्मा फेस उतरला आणि उजव्या मनगटात ती मेली थरथर सुरू झाली. दात आवळून हात दाबून धरला. जितका दाबला तितकी वाढली.

आवाज झाल्याबरोबर तोमोहिरो खांद्याने दार ढकलून आत. पायात सपाता नाहीत, चेहरा कागदासारखा. चाळिशीचा माणूस, बँकेत साहेब आहे, आणि फुग्याला असा घाबरतो.

"ओ का दिली नाहीस?" म्हणाला.

"द्यायला वेळ दिलास का? दारच तोडलंस."

"पुरे कर आई आता हे वस्तरा-बिस्तरा."

चिसातोने, म्हणजे सुनेने, पाणी आणलं ते त्याच्या हातात दिलं. दचकले मी होते, पण असो. मुलाचं घर आहे.

पुरानंतरचा हा दुसरा हिवाळा. हिनोत्सुचं आमचं सलून नदीने नेलं, मासायोशीला नेलं, आणि मला मुलाने फुकुओकाला आणून ठेवलंय. ठेवलंय म्हणजे पाहुण्यांसाठीची भांडी कपाटात ठेवतात ना, तसं.

१५ फेब्रुवारी

हिनोत्सुहून शिराकीचा फोन. तो बाजार समितीचं बघतो. शाळेच्या वरच्या मैदानात तात्पुरती दुकानं बांधतायत, जुलैत उघडणार. एक खोली सलूनसाठी ठेवलीय. एप्रिल संपेपर्यंत हो-नाही सांगायचं, नाहीतर मोबाइलवाला टपून बसलाय. मी फोनवरच हो म्हणून टाकलं.

"हात कसा आहे?" त्याने विचारलं.

"हाताला काय धाड भरलीय?"

डॉक्टर म्हणतात हाताच्या नसा ठीक आहेत, हे मनाचं आहे. मन मनगटात कधी राहायला आलं ते त्यांनाच ठाऊक. गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की दुपारभर झोप येते आणि उठल्यावर हात तसाच.

तोमोहिरोला काही सांगितलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

चिसातो म्हणाली, ओहोरीच्या तळ्याकाठी सकाळी काही मंडळी धावतात आणि नंतर हॉलमध्ये सतरंजीवर काहीतरी करतात, थरथरीचं आहे म्हणे. तिला कुठून कळलं देव जाणे. घराबाहेर पडायला मिळतंय म्हणून गेले.

धावणं म्हणजे काय विचारू नका. पाऊल एवढंएवढं टाकायचं, टाच आपटायची नाही, आणि वेग असा की शेजारच्याशी हसत बोलता आलं पाहिजे. धाप लागली की समजायचं चुकतंय. बाबागाडी ढकलणारी एक बाई आम्हाला मागे टाकून गेली. नंतर एक म्हातारा कुत्रा.

माझ्याबरोबर कोगासान होते. शहराच्या बस चालवून निवृत्त झालेत, कान मोठे, मिश्या नाहीत, बडबड भरपूर. बायको गेल्यावर छातीत धडधड व्हायची म्हणून इथे यायला लागले.

"एवढं हळू धावायला लाज वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटायची. आता मागे पडलो की मागून येणाऱ्यांशी ओळख होते."

धावून झाल्यावर हॉल. शिकवणाऱ्या ओबाताबाई, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, आधी हाडांच्या दवाखान्यात व्यायाम करून घ्यायच्या. उताणं झोपायचं, पायांचे तळवे एकमेकांना लावायचे, गुडघे बाहेर पाडायचे. कंबर थोडा वेळ उचलून धरायची, खाली ठेवायची, मग गुडघे हळूहळू जवळ आणत जायचं. एका ठिकाणी पाय आपले आपण थरथरायला लागतात. आजूबाजूला सगळे तसे पडलेले, पत्र्यावर गारा पडल्यासारखे. मी उठून बसले.

"बाई, मी थरथर घालवायला आलेय. वाढवायला नाही."

"दीड वर्ष घालवतच होतात ना? गेली का?"

मी बूट घातले आणि निघून आले. जिभेला हाड नाही त्या बाईच्या.

३ मार्च

पुन्हा गेले. धावायला. धावणं वाईट नाही, पायांना काहीतरी काम मिळतं. हॉलमध्ये मी खुर्चीवर बसून बघितलं.  ओबाताबाई सगळ्यांना सांगताना जरा मोठ्याने म्हणाल्या, "नको वाटलं की पाय सरळ करायचे. लगेच थांबतं. सुरू करणारे तुम्ही, थांबवणारेही तुम्हीच."

थांबवणारेही तुम्हीच, हे मला उद्देशून होतं हे कळण्याइतकी अक्कल मला आहे.

९ मार्च

आज आडवी झाले. बघू तरी, म्हणून.

आधी मांड्या. मग कंबर. खालून कुणीतरी गाडी सुरू करावी तसं. भीती वाटली तेव्हा पाय सरळ केले आणि खरंच थांबलं. पुन्हा तळवे जोडले, पुन्हा सुरू. मी चार-पाच वेळा नुसतं सुरू-बंद करत राहिले, दिव्याचं बटण सापडलेल्या पोरासारखी. या थरथरीने दीड वर्ष मला नाचवलं. आज मी तिला उठ-बस करायला लावली.

घरी आले तर तोमोहिरोचे सहा फोन येऊन गेलेले. धावताना उचलला नाही म्हणून. बँकेत त्याला दुसरं काम नाही का?

१३ मार्च

रोज घरी दार लावून तासभर केलं. वेळ कमी आहे, जुलै यायला काय लागतं. ओबाताबाई दहा-पंधरा मिनिटं पुरे म्हणाल्या होत्या, पण त्यांना कुठे दुकान उघडायचंय?

१६ मार्च

दोन दिवस अंथरुणात. झोप नाही, डोळ्यांतून पाणी थांबत नाही. रडत नाहीये, नुसतं पाणी येतंय. चिसातोने भाताची पेज केली आणि तोमोहिरोला सर्दी आहे म्हणून सांगितलं. सून चांगली खोटं बोलते, मला ठाऊक नव्हतं.

ओबाताबाईंना फोन केला. त्यांनी अशी झापली की शाळेत कुणी झापलं नव्हतं. "गळू पिकलंय म्हणून सुरा घेऊन बसता का? आठवडाभर झोपून करायचं काही नाही. फक्त धावा. तेही हसत. हसू आलं नाही तर चाला."

मी हो म्हटलं. त्यांचं ऐकलं असं कुणी समजू नये. आजारी पडून जुलै गाठता येणार नाही, म्हणून.

२९ मार्च

तळ्याकाठी चेरी फुलल्यात आणि सगळं गाव सतरंज्या टाकून जेवतंय. आम्ही त्यांच्या डब्यांमधून वाट काढत धावतो. एकाने कोगासानना तळलेली कोंबडी देऊ केली, त्यांनी धावता धावता खाल्ली.

मागून सायकल. तोमोहिरो. सुटीच्या दिवशी बँकेचा कोट घालून माझ्यावर पाळत ठेवायला आलेला. आमच्याइतकं हळू सायकलवर जाता येतं का? दर दोन पावलांवर त्याचा तोल जायचा, पाय टेकायचा, पुन्हा सुरू. शेवटी झाडाला धडकला.

"साहेब, उतरा आणि धावा, पडणार नाही," कोगासान म्हणाले.

"मी फक्त इकडून चाललो होतो," तोमोहिरो म्हणाला, आणि तळ्याला पूर्ण फेरी होईपर्यंत सायकल हातात धरून आमच्या मागे मागे चालत राहिला. मी वळून पाहिलं नाही.

७ एप्रिल

आज सतरंजीवर पाय थरथरले, खांदे थरथरले, आणि मग उजव्या हाताची मूठ आवळली. मी आवळली नाही. आपोआप. ओबाताबाई शेजारी येऊन बसल्या.

"काय धरलंय हाताने?"

"काही नाही."

"बरं."

त्यांनी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, कारण आता लिहावं लागतंय. पन्हळीचा नळ धरला होता. दुसरं काय असणार?

त्या पहाटे पाणी जिन्याच्या निम्म्यावर आलं तेव्हा मासायोशी शेजारच्या म्हातारीला वर आणायला गेला. "आलोच" म्हणाला. आयुष्यात कधी वेळ चुकवली नाही त्या माणसाने, गिऱ्हाइकाला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं नाही, आणि हे एवढं मोठं खोटं बोलला. मी खिडकीतून छपरावर गेले. उजव्या हाताने नळ धरला, डाव्या हातात फोन, तोमोहिरोशी बोलत होते. मग खालचा दुकानाचा सगळा भाग कडकडत गेला आणि फोन हातातून पडला. एका अर्थी बरंच झालं, दोन्ही हात मोकळे झाले. दुपारी होडीवाले आले. त्यांनी सोडा म्हटलं, मीही सोड म्हटलं, पण हात सोडेना. एकेक बोट उलगडावं लागलं त्यांना.

तेव्हा हात सुटला नाही म्हणून मी आहे. आता त्यानेच असं वागावं याचा मला राग येत होता. आज सतरंजीवर ती मूठ बराच वेळ थडथडली आणि मग उलगडली. आपली आपण. करंगळी सगळ्यात शेवटी.

घरी येऊन दोन वाट्या भात जेवले.

२८ एप्रिल

सांगून टाकलं. जेवणं झाल्यावर, चहा घेताना. दुकान घेतलंय, शिराकीला पक्कं कळवलंय, जूनमध्ये जाणार, राहायलाही तिथेच एक खोली मिळतेय.

तोमोहिरोने कप खाली ठेवला. "हात थरथरतो तुझा."

"थरथरू दे. थरथर माझी आहे, तुझी नाही. कशी थांबवायची ते मला कळलंय."

"गिऱ्हाइकाचा गळा कापलास म्हणजे?"

"तुझे बाबा शिकताना फुगे फोडायचे. त्यांना कुणी कोंडून ठेवलं नव्हतं."

"पुन्हा त्या नदीच्या काठी? पुन्हा?" त्याचा आवाज चढला. तो मोठ्याने बोलत नाही कधी. "तुला काय माहीत ती सकाळ कशी होती?"

मी हसलेच. "मला काय माहीत? अरे, छपरावर मी होते. तू इथे कोरड्या घरात होतास."

 तो उठला, बाहेर गेला, खाली गाडीत जाऊन बसला. चिसातो खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्ही बोलता ते खरं असतं. पण जरा सांभाळून."

काय सांभाळायचं? माझी काही चूक नाही. जाणार म्हणजे जाणार.

१९ मे

कोगासाननी गाल देऊ केला. फुगे पुरे झाले म्हणाले. "मी गर्दीच्या वेळी बस चालवलीय, मला कशाची भीती?"

आधी धावलो, हॉलच्या पडवीत खुर्ची टाकली. गरम टॉवेल, फेस, पट्ट्यावर वस्तरा. हा आवाज दोन वर्षांत ऐकला नव्हता. उजवा गाल झाला. हनुवटीखाली वस्तरा टेकला आणि मनगटात सुरू झालं.

पूर्वी मी दाबून धरला असता. आज वस्तरा मिटून ठेवला, म्हटलं, "कोगासान, थोडं थांबावं लागेल."

"मला कुठे गाडी पकडायचीय?"

मी तिथेच पडवीत आडवी झाले, तळवे जोडले, आणि थरथरले. पोटभर. येणारे-जाणारे बघत होते. खुर्चीत एक म्हातारा अर्ध्या तोंडाला फेस लावून वर्तमानपत्र वाचतोय आणि खाली न्हावीण माशासारखी तडफडतेय. एक बाई धावत आली, डॉक्टरांना बोलावू का म्हणाली. कोगासाननी पान उलटलं. "नको. त्यांच्या कामाचाच भाग आहे."

पाय सरळ केले. उठले, हात धुतले, फेस वाळला होता तो पुन्हा चढवला. हनुवटी, गळा, डावा गाल. कानाच्या पाळीवरची लवसुद्धा काढली. एक ओरखडा नाही.

ओबाताबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. "हे मी शिकवलं नव्हतं," म्हणाल्या.

"तुम्हाला दाढी कुठे करता येते?" मी म्हटलं.

१४ जून

सामान बांधतोय. चिसातो टॉवेलांच्या घड्या घालत होती. आता तीही आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर धावते, धावताना सासू-सुनेत बरं बोलणं होतं. मी म्हटलं, निदान आता दिवसाला सहा-सहा फोन तरी येणार नाहीत.

तिने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आई, त्या दिवशी तुमचा फोन बंद झाला ना, तेव्हा ह्यांनी कानाचा काढलाच नाही. पुन्हा लावायचे, लागायचा नाही, पुन्हा लावायचे. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून. तुम्ही सापडल्याचं दुपारी कळलं, मी ओरडून सांगितलं, तरी लावतच होते."

"बंद फोन लागणार कसा? वेडाच आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

मग आम्ही वस्तरे गुंडाळले. एक राहिला होता, तो शोधण्यात संध्याकाळ गेली. खरं तर तो माझ्याच खिशात होता. लक्ष नव्हतं.

२३ जून

हिनोत्सु. खोली लहान आहे, भिंती पातळ, शेजारी शिराकीचं टोफूचं दुकान. सकाळी वरच्या रस्त्याने धावले. खाली नदी. मी तिच्याकडे बघितलं, तिने काय माझ्याकडे बघायचंय. एवढीशी झालीय, दगड उघडे पडलेत, वर निळे बगळे. पाय लटपटले तेव्हा गवतावर पडून घेतलं. शाळेची दोन पोरं बघत उभी राहिली. त्यांना सांगितलं, व्यायाम आहे, तुम्हीही करा. पळाली.

तोमोहिरोला रोज सकाळी धावायच्या आधी मीच फोन करते. धावून आल्यावर पुन्हा. काही बोलायचं नसतं. "निघाले." "आले." तो "बरं" म्हणतो.

मी घाबरून करते असं नाही. त्याची बँक चालली पाहिजे.

२ जुलै

आज दुकान उघडलं.

पाटीवर माझं नाव. मासायोशीला चाललं असतं की नाही माहीत नाही, विचारायला तो नाही. आला असता परत तर विचारलं असतं. आलोच म्हणाला होता.

सकाळपासून बाकावर माणसं. पावसाळी हवा, सगळे डोंगर ढगात. शिराकीची दाढी झाली, त्याच्या भावाचे केस झाले. हात कुरकुरला नाही. दुपारी दारात तोमोहिरो. बँकेतून सुटी काढून आला होता, चिसातो मागे छत्री मिटवत. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, "आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार आहे का?"

"आहे. बस."

"मी नुसता बघायला आलोय."

"दाढी वाढलीय. बस."

बसला. खुर्ची मागे केली. गरम टॉवेल, फेस. दहा-बारा वर्षांत त्याचा चेहरा इतक्या जवळून बघितला नव्हता. हनुवटीला बापासारखी खळी, डोळ्यांखाली काळं. मी दोन बोटांनी गाल ताणला आणि वस्तरा टेकवणार, तेवढ्यात बाहेर सर आली. पत्र्यावर एकदम आवाज.

माझा हात स्थिर होता. बोटांखालचा गाल थरथरत होता.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"हलत नाहीये," तो म्हणाला. दात वाजत होते. "गार आहे इथे."

गार नव्हतं. मी वस्तरा मिटला. त्याने खुर्चीचे हात धरले होते, बोटांची पेरं पांढरी, सोडीनात. दोन वर्षं हा माणूस माझा हात बघत होता आणि मी त्याचा एकदाही बघितला नाही. मी फेस पुसून ताजा गरम टॉवेल घेतला आणि त्याच्या डोळ्यांवर, गालांवर ठेवला, नाकाला तेवढी जागा ठेवून. हात त्याच्या हातावर ठेवला.

"थरथरू दे," मी म्हटलं. "दाबू नकोस. दाबलं की वाढतं."

"आई, लोक आहेत."

लोक होते. बाकावर तिघं, आणि मी दोन वर्षं या दिवसाची वाट बघितलेली. मी दाराशी गेले आणि दारावरची पाटी उलटी केली. बंद.

"अगं सेत्सुए, माझे केस राहिलेत," शिराकीच्या भावाचा मेहुणा म्हणाला.

"टोपी घाला. चहा प्या शिराकीकडे. कुरकुरायचं असेल तर दुसऱ्या सलूनमध्ये जा, असलं तर."

गेले ते. चिसातो बाहेरच थांबली, छत्री उघडून. आत पावसाचा आवाज आणि टॉवेलखाली तोमोहिरो, खांद्यांपासून पोटऱ्यांपर्यंत हलणारा. खुर्चीचे स्क्रू वाजत होते. मी पुन्हा हात त्याच्या हातावर ठेवला. टॉवेल गार झाला की बदलत होते.

सर ओसरली तशी खुर्ची वाजायची थांबली.

"झालं?" मी विचारलं.

"माहीत नाही," टॉवेलखालून आवाज आला. "अजून थोडं."

"बरं," मी म्हटलं. "दुकान आपलं आहे."